भूत चहानंतर येतं

११ जानेवारी १९५९

रोज लिहायचं असं एक तारखेलाच ठरवलं होतं. पण लिहिण्यासारखं आजच घडलं. माझा दोस्त मिंगेल, तो बोटीवर नोकरीला असतो, रजेवर आला तो गळ्यात सिनेमाचा कॅमेरा अडकवून. चावीचा आहे. घड्याळाला देतात तशी चावी द्यायची, बटण दाबायचं, की घुर्र करत चित्रं आत शिरतात. मी तो हातात घेतला मात्र, आणि वाटलं, गुरुदास, तुझा आजवरचा जन्म फुकट गेला! लग्नानंतर बाजारात 'सुगंधा फोटो स्टुडिओ' काढला, तेव्हापासून येईल त्या गिऱ्हाइकाला मी एकच सांगत आलोय, "हलू नका." आता सांगणार, "हला!"

मुंबईच्या कुठल्याशा हौशी मंडळाची छोट्या चित्रपटांची स्पर्धा आहे. पावसाळ्याआधी पाठवायचा. मी भुताचा काढणार. बाकी कशात नसलो तरी भुतांच्या बाबतीत आम्ही मालवणकर मुंबईला हार जाणार नाही.

१४ जानेवारी

भूत घरातच सापडलं. माझ्या बायकोचा, सुगंधाचा, थोरला भाऊ, भाई. मुंबईत गिरणीच्या कचेरीत होता, तो दसऱ्यापासून आमच्याकडे आहे. डॉक्टरने हवापालट सांगितलाय. आजार काय म्हणाल तर ताप नाही, खोकला नाही. सकाळी चहा झाला की पडवीतल्या बाकड्यावर बसतो, तो बसतोच. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. ताटात तळलेली सुरमई असली तरी नजर समोरच्या गडग्याच्या दगडांवर. इतके दिवस मला त्याचा राग येत होता. धडधाकट माणूस, आणि असा! आज कॅमेऱ्याच्या भोकातून पाहिला आणि धन्य झालो. पावडरसुद्धा लावायला नको.

सुगंधाला सांगितलं तर म्हणाली, "तुमका लाज कशी वाटना नाय? माजो भाव तुमका भूत दिसता?"

मी म्हटलं, "अगो, कौतुक करतोय त्याचं!"

तिने रात्री माझ्या पानात फक्त पेज वाढली. लोणचंसुद्धा नाही.

१५ जानेवारी

सुगंधाचं डोकं ठिकाणावर नाही. रोज दिवेलागणीला विहिरीचा दोर सोडून घरात आणते आणि आपल्या अंथरुणाखाली ठेवते. का, तर म्हणे चोर. विहिरीचा दोर चोरणारा चोर मालवणात अजून जन्माला यायचाय. पहाटे मला तोंड धुवायला पाणी हवं असलं की आधी बायकोला उठवा, मग दोर सोडवा. कोयताही माळ्यावर गेलाय. नारळ सोलायला परवा शेजाऱ्यांकडे जावं लागलं. चारचौघांत हसं!

१८ जानेवारी

बातमी फुटली. सकाळीच धोंडू गावकर काठी टेकत अंगणातल्या खळ्यात हजर. देवळात गाऱ्हाणं घालण्याचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालण्याचा मान त्यांचा. म्हणाले, "गुरुदासा, भूत दाखवतलंस तर आदी गाऱ्हाणा घालूक व्हया. उगाच कोणाचो तरी अपमान होयत."

मी म्हटलं, "काका, खोटं भूत आहे."

"तुका खोटा. तेका ठाऊक आसा काय खोटा म्हणान?"

नारळ आणला. काका तुळशीपुढे उभे राहिले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान सिनेमा काडूक घेतल्यान हा! तेच्या वाटेत जा काय आडवा येयत ता उभा कर! ह्या मिंगेलच्या पेटयेक यश दी!" दर वाक्याला आम्ही सगळे "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज मिंगेलचा. मग त्याने छातीवर क्रूस काढला आणि खोबऱ्याचा प्रसाद दोनदा घेतला.

भाई बाकड्यावर बसून होता. त्याचे ओठ हलले नाहीत. मी मुद्दाम पाहत होतो.

२५ जानेवारी

पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी घोटाळा. समोरच्या खांबाला काथ्याने फळी बांधून मिंगेलने कॅमेऱ्याची जागा कायम केली. भुताची ओळख म्हणून भाई बाकड्यावर एकटा बसलेला घ्यायचा होता, थोडासाच. मी नायकाचा कोट घालायला आत गेलो. कोटाचं बटण तुटलं. बाहेर येतो तर मिंगेल चावी देतोय, बटण दाबतोय, चावी देतोय, बटण दाबतोय. रिळाची आख्खी बाजू भाईच्या बसण्यावर खर्च!

"मेल्या, थांबायचं नाही?"

"तूच म्हणालंस, हललो काय बंद कर," मिंगेल म्हणाला. "तो हललोच नाय."

हे रीळ दोन बाजूंचं असतं. एक बाजू झाली की काढायचं, उलटं बसवायचं, मग दुसरी बाजू. सगळ्या मालवणात हे एकट्या मिंगेलला येतं, आणि रीळही एवढं एकच.

उरलेला वेळ मी नायकाची तालीम केली. पडवीत यायचं, भूत बघायचं, किंचाळायचं. माझं किंचाळणं चांगलं झालं असावं, कारण तीन घरं सोडून कुत्री ओरडली. तेवढ्यात भाई बोलला. पुष्कळ दिवसांनी त्याचा आवाज ऐकला.

"भूत तसा नसता, गुरुदास."

"मग कसं असतं?"

"वरडाक लावना नाय. रात्रीचा येना नाय. सकाळी येता, च्या पिऊन झाली काय. आणि बसता."

"बसतं आणि काय करतं?"

"बसता."

मला रात्रभर झोप नाही. दिवसाढवळ्या, उन्हात, चहानंतर येणारं भूत! ही कल्पना आजवर कुणाला सुचली नसेल. मला सुचली.

२ फेब्रुवारी

कथा पुन्हा लिहिली. भाईला वाचून दाखवली. त्याने दोन गोष्टी सुचवल्या. एक, भुताचं तोंड आपल्यासारखंच हवं. "परक्याचा आसता तर हाकलून दिला नसता?" मी मिंगेलला विचारलं. तो म्हणाला, एकाच माणसाला शेजारी शेजारी दोनदा दाखवणं ही विलायतेतली करामत, आपलं काम नव्हे. म्हणजे ते राहिलंच.

दुसरी गोष्ट ऐकून मी उडालोच. भाईला भूत व्हायचं नाही. त्याला नायक व्हायचंय! "माणूस कसो बसता ता माका ठाऊक आसा. भूत तू हो."

मी! ज्याचं अख्ख्या बाजारात नाव आहे तो मी घोंगडीत तोंड लपवून बसू? पण नाही म्हणवलं नाही. इतक्या महिन्यांत भाईने मागितलेली ही पहिली वस्तू. चहाला साखर कमी असली तरी तो मागत नाही. सुगंधा दाराआड उभी होती. संध्याकाळी तिने मोरीच्या माशाची आमटी केली आणि मला दोनदा वाढली. बायकांचं काही कळत नाही.

७ फेब्रुवारी

शेवटासाठी धामापूरचं तळं नक्की केलं होतं. नायक भुताला चुकवत पाण्यात चालत जातो, देवळाची घंटा वाजते. काय देखावा! सुगंधाच्या हातातली पळी खाली पडली. "तळ्यार नाय. भाई तळ्यार जावचो नाय." कारण विचारलं तर तेच पुन्हा, आणखी मोठ्याने. बरं बाई, नाही जात. कलेचा गळा घोटला जातो तो असा, स्वयंपाकघरात.

मग शेवट साधा ठेवला. नायक बाकड्यावरून उठतो आणि माडांतून समुद्राकडे जातो. बस. अर्ध्या मिनिटाचं काम.

१६ फेब्रुवारी

अर्ध्या मिनिटाचं काम आठवडाभर चाललंय. मी घोंगडी पांघरून भुताच्या जागी. मिंगेल कॅमेऱ्यापाशी. मी "हला!" म्हणतो. भाई उठत नाही. मिंगेल विडी ओढतो. मी पुन्हा "हला!" म्हणतो. घोंगडीत मला घामोळं उठलं, पण नायक काही उठत नाही.

आज माझं डोकं फिरलं. "अरे उठायचं त्यात काय एवढं? असं गुडघ्यावर हात ठेवायचा आणि असं उठायचं!" उठून दाखवलं.

भाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "तुका सोपा आसा. तुज्या बाजूक कोण बसलेला नाय."

"तुझ्या बाजूला तरी कोण? मीच तर आहे घोंगडीत!"

तो किंचित हसला का? मिंगेल म्हणतो हसला. मला घोंगडीतून दिसलं नाही.

१९ फेब्रुवारी

नायक उठत नाही तर मरू दे त्याला, म्हणून नवा शेवट काढला. गळफास. सुगंधाकडे विहिरीचा दोर मागायला गेलो.

ती ओरडली नाही. खाली बसली आणि रडायला लागली. मग सगळं सांगितलं. मुंबईत खोलीत शेजाऱ्यांनी दार मोडून भाईला वाचवला होता. हवापालट वगैरे नंतर. इथे आल्यापासून ती रात्री एका डोळ्याने झोपते. दुपारी तो विहिरीपाशी उभा दिसला की ही कपडे धुण्याचं निमित्त करून धावते. मी परवाच ती दोघं विहिरीवर पाहिली होती आणि मिंगेलला म्हणालो होतो, काय छान चौकट आहे!

"माका का सांगलंस नाय?" तोंडातून मालवणीच आली.

"तुमी बाजारात सांगतलास. मगे लोक म्हणतले, भाई खुळो झालो."

मी गाढव आहे. इथे लिहून ठेवतो, पुढे विसरायला नको. खरंच मी बाजारात सांगितलं असतं. आज दोर मीच सोडून आत आणला.

२० फेब्रुवारी

सिनेमा झाला तर झाला. चहा झाल्यावर भाईच्या शेजारी बसलो. कॅमेरा नाही, घोंगडी नाही. पहिल्यांदाच असं झालं. जेवणाची हाक येईपर्यंत बसलो. पाठ धरली. दिवसभर असं बसणं हे काही आळशी माणसाचं काम नव्हे.

उठताना भाई म्हणाला, "उद्या घोंगडी घेवन ये. तुजा तोंड बघून हसू येता."

३ मार्च

झालं! उठला! कसा उठला ते नीट लिहितो, कारण स्पर्धेत विचारलं तर मी वेगळं सांगणार आहे.

रोजच्यासारखे बसलो होतो. घोंगडी रात्री आंब्याच्या फांदीवर वाळत घातली होती, ती तशीच काढून पांघरली. मिंगेलने रीळ चढवलं, चावी दिली. मी "हला" म्हणणं केव्हाच सोडलं होतं. एवढ्यात मानेला काहीतरी चावलं. मग पाठीला. मग जिथलं लिहू नये तिथे. हुमले! आंब्यावरच्या त्या तांबड्या मुंग्या, घोंगडीभर! मी जी बोंब ठोकली तिच्यापुढे नायकाचं किंचाळणं काहीच नव्हे. घोंगडीसकट उडी मारून खळ्यात पडलो, तुळशीला प्रदक्षिणा घातली, धोतर वाटेत सुटलं.

आणि मागून आवाज आला. आधी वाटलं भाईला उचकी लागली. तो हसत होता! पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत. "अरे, भुताक हुमले लागले! सुगंधा, धाव गो!" आणि हसत हसत गुडघ्यावर हात ठेवून उठला, पायऱ्या उतरला आणि मला धरायला माडांकडे धावला. स्वतःच्या हाताने त्याने माझ्या पाठीवरचे हुमले काढले. सुगंधा स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी. ती हसत होती की रडत, विचारू नका.

मिंगेल कॅमेऱ्यापाशी उभा होता तो तसाच. "घेतलंय," म्हणाला. "सगळा घेतलंय. तुजा धोतरसुद्दा."

१२ मार्च

रीळ धुवायला बोटीने मुंबईला गेलं. भाई काल पुन्हा दिवसभर बसून होता. मला वाटलं होतं सगळं संपलं. तसं नसतं म्हणे. मी जाऊन बसलो. आज उठला, मांडवीच्या धक्क्यावर जाऊन बांगडे घेऊन आला. महाग आणले. सुगंधाने लगेच तवा ठेवला.

१८ एप्रिल

आज खेळ झाला. मिंगेलचं दाखवायचं यंत्र विजेवर चालतं आणि आमच्या वाडीत वीज नाही. म्हणून भाताच्या गिरणीच्या इंजिनाला डायनामो लावून त्यावर जोडलं. आवारात पडदा म्हणून सुगंधाचं धुऊन धुऊन पांढरं पडलेलं जुनं लुगडं. सगळी वाडी हजर. धोंडूकाका पुढच्या खुर्चीवर. भाई शेवटी, भिंतीला टेकून.

सुरू झालं आणि पाहतो तर काय, चित्रावर चित्र चढलेलं! मिंगेल माझ्या कानात कुजबुजला, "गुरू, माका माफ कर. रीळ उलटा घातलंयच नाय. त्याच बाजूर दोन वेळा घेतलंय." म्हणजे जानेवारीतलं भाईचं बसणं आणि मार्चमधले हुमले, सगळं एकात एक! पाण्यासारखं पारदर्शक! माझा सिनेमा, माझी स्पर्धा, सगळं गेलं!

पडद्यावर मी घोंगडीसकट उडालो. लोक हसून लोळले. हसू देत. मग भाई हसायला लागला, गुडघ्यावर हात ठेवून उठला. आणि हसणं बंद झालं. कारण भाई उठला आणि भाई बसूनच राहिला. उठलेला पायऱ्या उतरून माडांकडे निघाला, आणि बाकड्यावर तोच, तसाच, दाढी वाढलेला, समोर बघत बसलेला. पलीकडचा खांब त्याच्या अंगातून दिसत होता. मी, ज्याने हा सिनेमा काढला तो मी, घाबरलो. नुसतं इंजिन भकभकत होतं.

मग मागून भाईचा आवाज आला, अगदी शांत. "ह्याच ता. ह्याच बसता."

कुणीतरी बाई आईच्या आठवणीने हुंदका देऊन म्हणाली, "आमच्या आवशीच्या बाजूक पण ह्याच बसलेला आसायचा."

धोंडूकाका उठले. काठी टेकली, लुगड्याच्या त्या पडद्याकडे तोंड केलं आणि देवळात उभे राहावं तसे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराच्या बाजूक जा काय बसला हा, ता आज आमी सगळ्यांनी डोळ्यांनी बघला!"

"व्हय म्हाराजा!"

"ता खंयचा, कोणाचा, आमका ठाऊक नाय! तेका ही जागा दिली! तेना हयच बसान ऱ्हवाचा, लेकराच्या पाठसून जाव नये!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पुन्ना कदी इलाच, तर लेकरान एकट्यान बसा नये! आमका हाक मारूची!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी भाईचे ओठ हलले. मी मुद्दाम पाहत होतो.

१९ एप्रिल

सकाळीच धोंडूकाकांचा निरोप, रीळ शिवेबाहेर न्यायचं नाही. जे बसतं ते आता रिळात बांधलंय, बाहेर गेलं तर सुटेल.

अडाणीपणा! मी शिकलेला माणूस. मिंगेल म्हणतो ही चूक म्हणजे चूक नव्हे, विलायतेत लोक मुद्दाम करतात. मुंबईत पहिलं बक्षीस ठरलेलं. डबा कागदात बांधला, वर पत्ता घातला. उद्याची बोट आहे.

२० एप्रिल

चहा पिऊन झाला. भाईने बशी खाली ठेवली आणि बाकड्याकडे पाहत विचारलं, "गुरुदास, ता खंय आसा?"

बगलेत पार्सल होतं. बोटीचा भोंगा वाजला होता.

मी म्हटलं, "स्टुडिओत. लोखंडी पेटीत. कुलूप घातलंय."

"बरा," भाई म्हणाला, आणि बाकड्याजवळून पुढे जाऊन पायरीवर, उन्हात बसला.

मग काय करतो? स्टुडिओत गेलो, डबा पेटीत टाकला, कुलूप लावलं. बोट गेली. पहिलं बक्षीस कुणा सोम्यागोम्याला मिळणार, आणि त्याच्या भुताला धड बसताही येत नसेल! दिवसभर जीव नुसता तडफडत होता. संध्याकाळी एक म्हातारा फोटो काढायला आला, त्याच्यावर उगाच खेकसलो, "हलू नका!"

९ मे

जवळजवळ तीन आठवडे काही लिहिलं नाही. मिंगेल बोटीवर गेला. भाईचे चार दिवस चांगले जातात, एक वाईट. मागच्या वाईट दिवशी त्याने स्वतः हाक मारली, "गुरुदास, ये रे, बस." घोंगडी झटकून नेली.

आज पहाटे तोंड धुवायला उठलो. सवयीने सुगंधाला हलवणार, तर ती गाढ झोपलेली, दोन्ही डोळ्यांनी. अंथरुणाखाली हात घातला. दोर नाही. तसाच अनवाणी धावलो.

दोर रहाटावर होता. रात्रभर तिथेच होता. सुगंधाने काल आणलाच नव्हता. आणि भाई विहिरीवर उभा राहून पाणी काढत होता. दोन घागरी भरलेल्या, तिसरी वर येत होती.

"येवढ्या बेगीन उठलंस?" तो म्हणाला.

डोळे भरून आले होते, म्हणून आधी तोंड धुतलं.